कंडोम, कॉपर-टी की अजून काही? कोथरूडच्या एका क्लिनिकमधल्या जोडप्यांच्या सल्ल्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन. डॉक्टर मॅडम आणि त्यांच्याकडच्या काउन्सेलर ताईंना पूर्ण पाच, रिसेप्शनला दोन, आणि पार्किंगबद्दल न बोललेलंच बरं. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. कर्वे पुतळ्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये गायनॅकची क्लिनिकं ढीगभर आहेत, त्यातलं एक समजा.

सर्व्हिस अशी आहे की गर्भनिरोधनाचं काय वापरायचं हे ठरवायला नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून बोलतात. फी 900 रुपये दोघांची मिळून, आधी ताईंबरोबर अर्धा तास आणि मग डॉक्टरांबरोबर. नवरा म्हणाला 900 रुपये कशाला, सगळं गुगलवर आहे. मी म्हटलं गुगलवर आहे ना, मग इतकी वर्षं तू काय वाचलंस ते सांग, त्यावर गप्प.

आमची परिस्थिती सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी तेहतीस, मुलगी दोन वर्षांची, तिचं दूध सुटलंय, पाळी परत सुरू झालीय आणि अजून नीट बसलेली नाही. नवऱ्याचे अमेरिकेचे कॉल रात्री साडेबारापर्यंत. आत्तापर्यंत कंडोमवर चाललं होतं आणि पाळी दोन दिवस लांबली की माझा जीव टांगणीला. मैत्रिणींना विचारावं तर एक म्हणते कॉपर-टी बसव आणि विसरून जा, दुसरी म्हणते अजिबात नको गं माझं काय झालं तुला माहितीये ना, तिसरी पाळीचं अॅप बघून चालवते आणि वर छातीठोकपणे सांगते की आम्हाला कधीच काही झालं नाही. तिचा धाकटा कसा झाला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आधी रिसेप्शनचं उरकते. तिथे बसलेल्या बाईंचा आवाज असा की समोरच्या किराणा दुकानात ऐकू जाईल, “फॅमिली प्लॅनिंगसाठी आलाय का?” अहो हळू. बसलेल्या सगळ्या माना वर. फॉर्मवर ‘सौ.’ आणि ‘पतीचे नाव’ आधीच छापलेलं, आणि आमच्या शेजारी एक पोरगा-पोरगी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते, लग्न झालेलं नसणार, ती मुलगी पेन हातात धरून त्या रकान्याकडे नुसतीच बघत होती. मग आतून काउन्सेलर ताई आल्या, फॉर्म बघितला, तो रकाना स्वतःच्या पेनाने खोडला आणि “नाव, वय, फोन, बास” म्हणून परत दिला. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा एक स्टार वाढवला. (फॉर्म मात्र बदला हो, छपाईला कितीसे पैसे लागतात.)

आत गेल्यावर वाटलं होतं की तक्ता दाखवतील, हे अमुक ते तमुक, फायदे-तोटे, घ्या निवडून. तसं नाहीच. पहिला प्रश्न, “पुढचं मूल कधी हवंय?” मी म्हटलं अजून दोन-तीन वर्षं तरी नाही, मग बघू. नवरा म्हणाला हो हो, तेच. दुसरा प्रश्न, “आणि मधेच चुकून राहिलं तर काय कराल?” ह्याचं उत्तर आम्ही दोघांनी एकदमच दिलं आणि वेगवेगळं दिलं. तो म्हणाला, “बघू, होईल काहीतरी मॅनेज.” मी म्हटलं, “मला नकोच आहे.” आणि मग खोलीत जरा शांतता. लग्नाला सहा वर्षं झाली, फ्लॅटचं लोन कसं फेडायचं यावर आम्ही एक्सेल शीट केलीय, पण हे कधी एकमेकांना विचारलेलं नव्हतं. ताई म्हणाल्या की बहुतेक जोडप्यांचं इथेच वेगळं निघतं, आणि कुठलं साधन घ्यायचं ते ह्या उत्तरावर ठरतं, कारण चुकलं तर त्रास ज्याच्या अंगावर येणार त्याचं उत्तर जास्त धरायचं. नवऱ्याने मान हलवली. मनापासून हलवली का ते मला तेव्हा कळलं नाही.

मग आकडे आले. हे आकडे अमेरिकेतल्या अभ्यासांवरून आलेले आहेत असं त्यांनी आधीच सांगितलं. कंडोम दर वेळी अगदी नीट वापरला तर वर्षभरात 100 पैकी 2 जोडप्यांना दिवस राहतात, पण माणसं जशी प्रत्यक्षात वापरतात, कधी उशिरा, कधी संपलेला असतो, कधी “आज राहू दे”, तसं धरलं तर 13. रोजच्या गोळ्यांचं तसंच, नीट घेतल्या तर हजारात तिघी, पण विसरण्यासकट धरलं तर 100 मध्ये 7. तीन महिन्यांच्या इंजेक्शनला 4. कॉपर-टीला 1 पेक्षा कमी. कारण कॉपर-टी विसरता येत नाही, ती आत आहे ती आहेच. मला हे ऐकून एकदम उजेड पडला, म्हणजे फरक औषधाच्या ताकदीत कमी आणि रात्री साडेबाराला कॉल संपवून आलेल्या माणसाच्या आळसात जास्त आहे. नवऱ्याकडे बघितलं तर तो छताचा पंखा बघत होता.

कंडोमचा भाग त्यांनी सगळ्यात छान घेतला आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं ह्यात काय शिकवणार. लाकडाचा नमुना काढला टेबलावर. पाकीट फाडायच्या आधी आतला कंडोम बोटाने एका कडेला सारायचा, म्हणजे फाडताना कातरला जात नाही. पाकीट दाबून हवा आहे का बघायची, हवा नसेल तर कुठेतरी भोक आहे. तारीख बघायची. टोक चिमटीत धरून चढवायचा, आणि नंतर बाहेर येताना मुळाशी धरूनच यायचं, लगेच यायचं, गप्पा मारत बसायचं नाही. गाडीच्या डिकीत किंवा खिशातल्या पैशाच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवायचा नाही, उन्हाने आणि घासून रबर खराब होतं. आणि खोबरेल तेल, बेबी ऑइल, व्हॅसलिन काहीही लेटेक्सच्या कंडोमला लावायचं नाही, काही मिनिटांत ते कमकुवत होतं आणि फाटतं, लावायचंच तर पाण्याच्या बेसचं किंवा सिलिकॉनचं जेल. म्हणाल्या खोबरेल तेलवाली जोडपी इतकी येतात की मी आता आधीच सांगते. आपल्याकडे काहीही कोरडं झालं की खोबरेल, त्यामुळे पटलंच.

नवऱ्याची जुनी तक्रार होती, घट्ट होतो, मजा येत नाही, त्याने ती धीर करून सांगितली. ताईंनी एक बॉक्स उलटा करून बारीक अक्षरात छापलेले मिलिमीटर दाखवले. बऱ्याच पाकिटांवर रुंदी लिहिलेली असते, आपल्याकडे जास्त करून 52-53 च्या आसपास, त्यापेक्षा थोडे मोठे-लहान मिळतात, ऑनलाइन सहज मिळतात. शर्टाचा साइज बघून घेणारा माणूस हे कधीच बघत नाही, फ्लेवर बघतो. रबराची अॅलर्जी असेल तर बिनलेटेक्सचे पण येतात.

मेडिकलमधून आणण्याचा विषय निघालाच. आमच्या जवळचे मेडिकलवाले काका पेपरात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून, इकडेतिकडे बघून देतात, असं वाटतं आपण चोरीचा माल घेतोय. आता दहा मिनिटांत घरी आणून देणारी अॅप आलीत तर तो प्रश्न मिटला, कोथिंबीर, दही आणि कंडोम एकाच पिशवीत येतात आणि कुणाला काही पडलेलं नसतं. पैसे नसतील तर महापालिकेच्या दवाखान्यात निरोध फुकट मिळतो, तो 1968 पासूनचा.

त्या हेल्मेटवाल्या जोडीचा विषय ताईंनी आमच्यापाशी अर्थातच काढला नाही, पण एक गोष्ट त्या सगळ्यांनाच सांगतात म्हणाल्या, की ह्या सगळ्यात आजारापासून वाचवणारा फक्त कंडोम आहे. गोळी, इंजेक्शन, कॉपर-टी ह्यातलं एकही एचआयव्ही किंवा बाकीचं इन्फेक्शन अडवत नाही. म्हणजे नवीन नातं असेल, दोघांच्या टेस्ट झालेल्या नसतील, तर दुसरं काहीही घेतलं तरी कंडोम हवाच.

आता डॉक्टर मॅडम. मी मनाशी गोळ्या ठरवून गेले होते, बहीण घेते, तिची पाळी घड्याळासारखी येते, चेहरापण साफ झालाय. मॅडमनी बीपी घेतलं, सिगारेट विचारली, घरात कुणाला पायाच्या शिरेत गाठ झाली होती का विचारलं, आणि मग, “डोकं दुखतं का?” म्हटलं हो, कॉलेजपासून मायग्रेन आहे. “दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं? नागमोडी रेषा, मधला भाग दिसेनासा होणं?” मी थक्क, कारण अगदी तस्संच होतं, वीस-पंचवीस मिनिटं मोबाइलवरची अर्धी अक्षरं गायब होतात, आणि हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलंच नाही. त्याला ऑरा म्हणतात. असं मायग्रेन असेल तर बहिणीसारख्या, इस्ट्रोजेन ह्या हार्मोनवाल्या गोळ्या द्यायच्या नसतात, पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळ्या तिथेच बाद. आणि लक्षात घ्या, ह्याच गोळ्या मेडिकलमध्ये कुणीही जाऊन मागितल्या तर देतात, तिथे डोळ्यांपुढचं कोण विचारणार. पस्तिशीच्या पुढे असून सिगारेट ओढणाऱ्या बायकांनापण ह्या चालत नाहीत. बहिणीला चालतात म्हणून मला चालतील हे गणितच चूक.

मग कॉपर-टी. माझी आई, मावशी सगळ्यांनी ह्याच जोरावर दिवस काढलेत. सरकारी दवाखान्यात फुकट, 380 ए नावाची दहा वर्षं चालते, हार्मोन नाहीत, तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. ती पोटात वर सरकते आणि हरवते अशी आमच्याकडे एक दंतकथा आहे, ती मी विचारून घेतली. बसवताना गर्भाशयाला भोक पडून बाहेर जाण्याचं प्रमाण हजारात एखादं, एरवी ती प्रवासाला वगैरे निघत नाही. पण कॉपर-टीने पाळीत रक्त जास्त जातं आणि पोट जास्त दुखतं, आणि माझं हिमोग्लोबिन 9.8. मॅडम म्हणाल्या तुम्हाला मी आत्ता ती पहिली सुचवणार नाही.

इंजेक्शन म्हणजे सरकारच्या योजनेतलं अंतरा, तीन महिन्यांतून एकदा, तेपण फुकट. चांगलं आहे पण पाळीचा काही भरवसा राहत नाही आणि बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, आम्हाला दोन-तीन वर्षांनी मूल हवं असेल तर ते आधी मोजावं लागलं असतं. छाया गोळी मला मनातून आवडली होती, हार्मोनची नाही, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी शोधलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच. पण काही जणींची पाळी लांबते म्हणाल्या. लांबलेल्या पाळीच्या टेन्शनवर उपाय म्हणून पाळी लांबवणारी गोळी, नको बाबा.

ऑपरेशनचा विषय मीच काढला कारण सासूबाईंनी डिलिव्हरीच्या वेळी विचारलं होतं, सिझर होतंय तर “तेवढ्यात तेही उरकून टाका.” तेही म्हणजे माझं. मॅडमनी नवऱ्याकडे वळून सरळ विचारलं, मूल पुरे झालं असं जेव्हा ठरेल तेव्हा तुमचं करायचं का? बिनटाक्याची नसबंदी, जागा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं काहीतरी वापरायचं आणि मग वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत हे बघायचं. बायकांचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीने, त्यापेक्षा हे कितीतरी सोपं. नवऱ्याने विचारलं, अशक्तपणा येतो ना? नाही. मग, “म्हणजे बाकी सगळं...?” बाकी सगळं तसंच राहतं, वीर्यपण येतं, त्यात फक्त शुक्रजंतू नसतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी स्वतःची नसबंदी झालेल्या 37.9 टक्के आणि नवऱ्याची झालेल्या 0.3 टक्के. हे ऐकून मी नवऱ्याकडे बघितलं. ह्या वेळी त्याने पंख्याकडे बघितलं नाही, हे नमूद करते. घरी येऊन सासूबाईंना मी काहीच सांगितलेलं नाही, त्यांचं “माझा मुलगा ऑफिसला जातो, त्याला कशाला” मला पाठ आहे.

इथे एक अवांतर. परत येताना त्या कर्वे पुतळ्याला वळसा घालून आलो आणि मनात आलं, महर्षींचा पुतळा आहे, रस्ता आहे, आणि त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे, ज्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि ह्या विचारांपायी कॉलेजातली प्राध्यापकी घालवली, त्यांचं नाव आमच्या गल्लीत किती जणांना सांगता येईल. शंभर वर्षं उलटली आणि मेडिकलवाले काका अजून पेपरात गुंडाळतायत.

तर शेवटी काय घेतलं. मॅडमनी सुचवली ती हार्मोनवाली, दिसायला कॉपर-टीसारखीच पण तांब्याऐवजी त्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन थोडं थोडं सुटतं, जवळजवळ सगळं तिथल्या तिथेच काम करतं, इस्ट्रोजेन नाही म्हणून माझ्या मायग्रेनला चालेल असं म्हणाल्या, आणि रक्तस्राव कमी करते म्हणजे हिमोग्लोबिनलाही बरं. दिवस राहण्याचं प्रमाण हजारात एक ते चार. मूल हवं असेल तेव्हा काढली की झालं. पैसे मात्र लागतात, बसवण्यासकट 12,000 च्या आसपास गेले आणि सरकारी कॉपर-टी शून्य रुपयांत मिळते हे डोक्यात होतंच. नवऱ्याने न बोलता कार्ड पुढे केलं, म्हणजे ती मान मनापासून हलवली होती.

बसवण्याबद्दल “काहीच कळत नाही” म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरतात तेव्हा एक कळ येते, आत माप घेतात तेव्हा दुसरी, आणि मग दोन-तीन मिनिटांत संपतं, मी ताईंचा हात लाल होईपर्यंत दाबला. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मॅडम सांगत होत्या, आता गार लागेल, आता खोका, त्याने खूप फरक पडला. आधी दुखण्याची गोळी घेऊन जा. पहिले काही महिने स्पॉटिंग, म्हणजे मधेच थोडं थोडं रक्त, चालू असतं, पॅन्टी लायनर लागतात, चिडचिड होते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. आता पाळी नावापुरती येते. तिच्या टोकाचा दोरा जागेवर आहे का ते तपासायची फेरभेट फुकट आहे, ती चुकवू नका.

तुम्हाला हीच बसवा असं मी म्हणत नाहीये. ज्यांना मधेच राहिलं तर आनंदच आहे त्यांना कंडोम झकास, खर्च नाही, डॉक्टर नाही, शरीरात काही नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पूर्ण अंगावर पिणारं आणि पाळी आलेली नाही, ह्या तिन्ही गोष्टी असतील तर तेवढ्या काळात तेही बऱ्यापैकी संरक्षण असतं, पण एक जरी गोष्ट हलली तरी संपलं. आणि कंडोम फाटलाच तर इमर्जन्सी गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, फक्त तिला महिन्याचं रेशन करू नका.

क्लिनिकला सुधारणा: रिसेप्शनवर हळू बोला, फॉर्म बदला, आणि वेटिंगमध्ये फक्त बाळांचे फोटो लावू नका, तिथे बसलेल्यांतले निम्मे जण बाळ नको म्हणून आलेले असतात. बाकीच्यांसाठी: अपॉइंटमेंट फोनवरच घ्या, जुने रक्ताचे रिपोर्ट असतील ते न्या, स्कूटर मेन रोडलाच लावा. आणि मंगळवारी जाऊ नका, त्या दिवशी सोनोग्राफीची गर्दी असते आणि ताईंना अर्धा तास मिळत नाही.